स्पॉट लॅम्पच्या ब्रॅकेटखालचा रंग

कल्याणला माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी फौजेत नाईक होतो. ट्रेड इलेक्ट्रिशियन, गाड्यांचा. नाव दत्ताराम मोकल, गाव कळवा. एवढं सांगून झालं की पुढचं लोकांना नको असतं. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात, नारळ देतात आणि हेडमास्तर हळूच सांगतात, मोकलसाहेब, मुलांना एखादी लढाई सांगा. मी लढाई सांगत नाही. सतरा वर्षांच्या नोकरीत माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस गेला. तो गोळीने गेला नाही आणि सीमेवरही गेला नाही. टिटवाळ्याजवळ गेला, माझ्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर. हे ऐकून हेडमास्तरांचं तोंड उतरतं. उतरू दे.

पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ मोठी छावणी बांधलेली. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या बहुतेक बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती. एका कडेला तारेचं कुंपण घालून आमची ट्रान्सपोर्ट कंपनी बसवलेली, आणि तिच्या मागे आमचं लहानसं वर्कशॉप. साडेपाचला बिगुल, सहाला पी.टी., साडेसातला वर्कशॉपमध्ये फॉल-इन. कुंपणापलीकडे बायका खाटांवर पापड वाळत घालायच्या, अलीकडे आम्ही गाड्यांचे स्पार्क प्लग उन्हात मांडायचो. दुपारी दीडपर्यंत काम, मग जेवण, मग खेळ. लढाई कुठेच नव्हती.

लान्स नाईक ड्रायव्हर काशिनाथ भोईर हा डोंबिवलीच्या खाडीकडच्या एका पाड्यातला. त्याचा बाप मिठागरात, माझाही बाप मिठागरात. बाकी कंपनी देशावरची आणि पंजाबकडची, त्यामुळे आमची जोडी लगेच जमली. परेडवर तो मला नाईकसाब म्हणायचा, बाकी वेळी दत्तू. कळव्याच्या मिठात मीठ कमी नि चिखल जास्त, हे त्याचं रोजचं पालुपद होतं. मी म्हणायचो, तुमच्या डोंबिवलीला अजून मीठ आणि माती यातला फरकच कळलेला नाही. दोन वर्षांत हा विषय एकदाही जुना झाला नाही.

सात नंबरची जीप त्याच्या ताब्यात होती. युद्धातली गाडी. इंजिन उत्तम, पण वायरिंग म्हणजे दैना. सुती वेष्टणाच्या जुन्या वायरी, निम्म्या उंदरांनी खाल्लेल्या, आणि प्रत्येक जोडावर कुणी ना कुणी चिंध्या गुंडाळून ठेवलेल्या. आमच्या ओ.सी. कॅप्टन साहेबांनी हुकूम काढला, या जीपला तीन जादा दिवे बसवा. पुढे डाव्या अंगाला फिरता स्पॉट लॅम्प, मागे स्पेअर व्हीलच्या वर एक कामाचा दिवा, आणि डॅशबोर्डवर नकाशा बघायला एक छोटा. कच्च्या रस्त्याला, नदीनाल्याला न्यायची गाडी म्हणून ही तयारी.

मी ती जीप उघडीवाघडी केली. सगळ्या जुन्या वायरी ओढून काढल्या आणि नवीन लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, बांधली. डॅशखाली पत्र्याची पट्टी ठोकून तीन स्विच बसवले, प्रत्येकाला वेगळा फ्यूज. काशिनाथ शेजारी बसून सूचना करायचा आणि मी शिव्या घालायचो. पण त्याची एक सूचना बरोबर होती. तो म्हणाला की अंधारात, खड्ड्यात, हात ओले असताना स्विच बघून दाबता येत नाही, बोटाला कळला पाहिजे. मग मी स्पॉटच्या स्विचला तांब्याची तार गुंडाळली, मागच्या दिव्याच्या स्विचला दोऱ्याची गाठ मारली आणि नकाशाचा तसाच मोकळा ठेवला. तो डोळे मिटून बसायचा, मी नाव घ्यायचो, तो स्विच टाकायचा. विसांत एकदाही चुकला नाही. वर तोंड करून म्हणायचा, बघ, डोंबिवलीचं बोट आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बॅटरीतून वीज वायरने दिव्यापर्यंत जाते. तिला परतही यावं लागतं. परत ती गाडीच्या लोखंडातून येते, त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. दिव्याचं ब्रॅकेट पत्र्याला जिथे टेकतं तिथे धातूला धातू लागला पाहिजे. मध्ये गंज असला, तेल असलं, रंग असला, की वीज अडते. घरातल्या विजेचा जोर मोठा. जीपची बॅटरी सहा व्होल्टची. तिच्यात वाया घालवायला काही नसतं.

म्हणून मी प्रत्येक जादा दिव्याला एक वेगळी काळी वायर दिली होती. ती ब्रॅकेटपासून सरळ चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, खरवडून चकचकीत केलेल्या एका जागी घट्ट कसलेली. पत्र्याच्या भरवशावर राहायचं नाही, हे मला माझ्या उस्तादाने जबलपूरला शिकवलं होतं. पहिल्या दिवशी स्पॉट लावला तेव्हा पांढरा झोत वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर पडला. कॅप्टन साहेबांनी स्वतः येऊन पाहिला आणि शाबास म्हणाले. आयुष्यात काही कामं माणूस मनासारखी करतो. ते त्यातलं एक होतं.

मग इन्स्पेक्शन आलं.

ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांना हे कसं सांगू? जनरल साहेब वर्षातून एकदा येणार, दीड तास थांबणार. त्या दीड तासासाठी महिनाभर कंपनी रंग लावते. गाड्यांना हिरवा, दगडांना पांढरा, आगीच्या बादल्यांना लाल. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू. गाडी चालते की नाही हे कुणी विचारत नाही, रंगाचा ओघळ मात्र दिसता कामा नये. बोल्ट काढायचे, खालून रंगवायचे, परत लावायचे. हे आम्ही इंग्रजांकडून उचललं आणि त्यांच्यापेक्षा चोख करू लागलो.

वर्कशॉपचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. बावीस वर्षं नोकरी, मिशांना पीळ, आवाज एवढा की कुंपणापलीकडची पोरं खेळ थांबवून ऐकायची. माणूस वाईट नव्हता. पण पुढच्या वर्षी पेन्शन होती आणि जाताना ऑनररी लेफ्टनंटचा हुद्दा मिळवायचा होता, म्हणून ते इन्स्पेक्शन त्यांच्या गळ्याशी आलेलं. सात नंबरची जीप पाहून ते माझ्या काळ्या वायरींसमोर थांबले आणि म्हणाले, "मोकल, ही जीप आहे का सुगरणीचं घरटं? काढ या लोंबत्या."

मी एकदा सांगितलं की साहेब, हे अर्थिंग आहे, लागतं. ते म्हणाले की कारखान्यातून जीप येते तिला असल्या वायरी असतात का, नाही ना, मग दिव्याचं ब्रॅकेट पत्र्याला टेकलंय तेवढं पुरे. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. वायरी काढल्या.

मग ब्रॅकेट काढून खाली-वर रंग दिला गेला. मी विचारलं की निदान ब्रॅकेट टेकतं तेवढी जागा खरवडू का. त्यावर ते म्हणाले की खरवडलं की कडेला लोखंड दिसणार, पावसाळी हवा आहे, सकाळी गंज धरणार, आणि जनरलचा स्टाफ ऑफिसर पांढरा रुमाल फिरवत येणार. इन्स्पेक्शन झाल्यावर खरवड. हे सगळं मी मान्य केलं. तीन ब्रॅकेटं, प्रत्येकी पाच मिनिटांचं काम. पंधरा मिनिटं.

ब्रॅकेट परत कसलं तेव्हा दिवा लागला. बोल्टच्या आट्यांना कुठेतरी धातू टेकत होता, तेवढ्यावर. उभ्या गाडीत, कोरड्या हवेत तेवढं पुरतं. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, सगळे दिवे सर्व्हिसेबल, आणि खाली सही केली. काशिनाथ गाडी पुसत होता. त्याने स्पॉट लावून झोत भिंतीवर पाडला आणि जरा वेळ बघत राहिला.

"दत्तू, दिवा पिवळा वाटतोय रे."

"इन्स्पेक्शन होऊ दे. मग बघतो."

हे मी बोललो. माझ्या तोंडचे शब्द आहेत, सुभेदारांच्या नाहीत.

इन्स्पेक्शन छान झालं. जनरल साहेब सात नंबरसमोर थांबले, स्विचची पट्टी पाहिली, स्टाफ ऑफिसरने रुमाल फिरवला आणि रुमाल पांढराच राहिला. कंपनीला मिठाई. मला बक्षीस म्हणून चार दिवसांची रजा. त्याच दुपारी मी कळव्याला गेलो. आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं, खाडीवर गळ टाकून बसलो, लग्नासाठी एक मुलगी पाहिली. त्या चार दिवसांत मला तो दिवा एकदाही आठवला नाही. खोटं कशाला बोलू.

परत आलो तेव्हा श्रावण अर्धा झाला होता आणि दोन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. वर्कशॉपच्या छपरातून धारा लागलेल्या. तीन टनी ट्रकचे डायनॅमो भिजले होते, त्या कामाला मला जुंपलं. सात नंबर ताडपत्रीखाली उभी होती. कुणी हात लावू नका असा सुभेदारांचा हुकूम होता, कारण जनरलने नावाजलेल्या रंगावर ओरखडा नको.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मामलेदारांचा फोन आला. टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीच्या पलीकडे एका वाडीला पाण्याने वेढलंय, माणसं एका उंचवट्यावर अडकलीत. इंजिनिअर्सची एक बोट येतेय, कंपनीने गाड्या आणि उजेड द्यावा. साडेचारच्या पुढे पाच मिनिटांनी आम्ही गेटबाहेर पडलो. पुढे सात नंबर, मागे बोट घेतलेला ट्रक. जीपमध्ये काशिनाथ, कॅप्टन साहेब, मी आणि वायरलेस ऑपरेटर करतार. सुभेदार साहेब छावणीत राहिले.

एरवी तासाभराची वाट, दीड तास लागला. शहाडच्या पुढे रस्ता असा नव्हताच, होता तो चिखल. काशिनाथने गाडी फोर-व्हीलमध्ये टाकली आणि जराही घाई न करता नेली. पाणी बॉनेटला लागणार असं दिसलं तेव्हा पंख्याने ते इंजिनवर उडू नये म्हणून त्याने फॅन बेल्ट सैल केला, पलीकडे गेल्यावर परत लावला. मला म्हणाला, मिठागरातल्या बापाचं पोर आहे मी, पाण्यात कुठे पाय ठेवायचा ते कळतं. सहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही नदीवर पोचलो.

जागा सांगतो. आमच्या बाजूचा काठ उंच आणि कच्चा, पाण्याने खालून पोखरलेला. काठापासून थोडी आत बैलगाडीची वाट. एकाच ठिकाणी दहा-बारा पावलांची खिंड होती, तिथेच बोट लागू शकत होती. ती हुकली तर खालच्या अंगाला बाभळी, आणि त्यांच्या खाली पाण्यात बुडालेल्या पुलाचे दगडी खांब. पाण्याचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायला कानाजवळ तोंड न्यावं लागे. कॅप्टन साहेबांनी जीप वाटेवर काठाला समांतर उभी केली आणि हुकूम दिला की काठापासून दहा पावलं लांब राहायचं. मग ते बोटीतून एक सेट घेऊन पलीकडे गेले. करतार आमच्या बाजूला ताडपत्रीखाली सेट लावून बसला.

पहिल्या दोन खेपा उजेडात झाल्या. सतरा माणसं आली. तिसऱ्या खेपेला अंधारून आलं. सात वाजून दहा मिनिटांनी काशिनाथने न बघता तांब्याच्या तारेचा स्विच टाकला, आणि मी स्पॉटचा झोत खिंडीवर धरला. मला तेव्हाही दिसलं की तो पिवळा आहे. बोटीला तेवढा पुरेसा होता. सात पंचवीसला पलीकडून बोट सुटली. अकरा माणसं, त्यातल्या दोघी म्हाताऱ्या, चार मुलं, आणि वल्ह्यावर दोघे सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचे जवान.

सात एकतीसला दिवा गेला. वेळा मी करतारच्या लॉगमधून सांगतोय, मी काही घड्याळ बघत नव्हतो. आधी लालसर झाला, मग लुकलुकला, मग गेला. मी ब्रॅकेट हातात धरून हलवलं. एकदा लागला, परत गेला. बोल्टच्या आट्यांत पाणी शिरलं होतं. मागचा दिवा लावायला सांगितला. काशिनाथने दोऱ्याच्या गाठीचा स्विच टाकला. काही नाही. तसंच ब्रॅकेट, तोच रंग. मी खिशातून पाना काढला, पण बोल्टवर रंग सुकून बसलेला, पाना घसरत होता. दोन मिनिटांचं काम होतं आणि दोन मिनिटं नव्हती.

करतारच्या सेटवर कॅप्टन साहेबांचा आवाज आला. "बत्ती गई. बोट बीच में है. बत्ती दो. ओव्हर."

हेडलाइटचं अर्थिंग कारखान्यातलं होतं, त्याला मी हात लावला नव्हता. हेडलाइट लागत होते. पण जीप काठाला समांतर उभी, झोत वाटेवर, नदीत अंधार. काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. त्याला काय करायचंय ते मला कळलं. मी नको म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. तो म्हणाला, "दगड घे, चाकाला लाव," आणि त्याने गाडी वळवली.

दोनदा मागे-पुढे करून त्याने जीपचं नाक नदीकडे केलं. काठ पुढे उतरता होता. झोत पाण्यावर खाली पडावा म्हणून त्याने पुढची चाकं पार कडेपर्यंत नेली. सात चौतीस. दोन्ही हेडलाइट खिंडीच्या पाण्यावर पडले आणि मधोमध बोट दिसली, चार-पाच वाव, म्हणजे पंधरा-वीस हात, खाली सरकलेली. सॅपरांनी उजेड पाहिला आणि वल्ही ताणली.

तो उतरू शकत नव्हता. हे मी पुढे चौकशीच्या कोर्टात सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. हँडब्रेक त्या उतारावर धरत नव्हता, त्यामुळे पाय ब्रेकवर पाहिजे. इंजिन चालू ठेवून रेस द्यावी लागत होती, नाहीतर सहा व्होल्टची बॅटरी बसली असती आणि हेडलाइट मंद झाले असते. म्हणून एक पाय ब्रेकवर, एक ॲक्सिलरेटरवर, आणि माणूस सीटवर. मी पळत जाऊन दगड आणत होतो. एक दगड लावला, दुसरा लावला. तिसऱ्यासाठी वळलो.

सात एकेचाळीसला बोट खिंडीत लागली. अकराच्या अकरा माणसं उतरली. शेवटची म्हातारी उतरत असताना पायाखाली जमीन हलल्यासारखी वाटली. मी मागे पाहिलं तेव्हा काठच नव्हता. जीप नाकावर पाण्यात गेली. हेडलाइट पाण्याखालीही जळत होते. गढूळ पाण्यात दोन पिवळे डाग खाली सरकत गेले, मी मोजत नव्हतो, पण बराच वेळ गेला असं वाटलं. मग विझले.

करतारने सेटवर सांगितलं, "बोट सेफ. जीप गई. ड्रायव्हर गया. ओव्हर." मग कॅप्टन साहेब म्हणाले, "फिर से बोलो."

काशिनाथ तिसऱ्या दिवशी पुलाच्या खाली सापडला. चौथ्या दिवशी पाणी उतरलं आणि आम्ही जीप दोरखंडाने वर काढली. सगळे चहाला गेले तेव्हा मी स्पॉट लॅम्पचं ब्रॅकेट खोललं. खालचा रंग सलग होता. हिरवागार, चकचकीत, एक ओरखडा नाही. जनरलने शाबासकी दिली तसाच. मी ते ब्रॅकेट पंच्यात गुंडाळून माझ्या किटबॅगेत टाकलं. मला त्या क्षणी शरम वाटली आणि भीती वाटली, आणि भीती जास्त होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी मेसमध्ये बसलं. तीन अधिकारी, एक टेबल, हिरवं कापड. बाहेर बाकावर सुभेदार साहेब माझ्या शेजारी होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच एवढा खाली होता. ते म्हणाले, पोरा, रजिस्टरवर सही तुझी आहे. रंगाचा हुकूम माझा, पण तो कागदावर नाही. तू बोललास तर आधी तू जाशील, मग मी, आणि भोईर काही परत येत नाही.

आत मला दोन प्रश्न विचारले.

"स्पॉट लॅम्प रवानगी के वक्त ठीक था?"

"जी साब. ठीक था."

"फिर बंद क्यों हुआ?"

"पानी से, साब."

एवढंच. खोटं म्हणाल तर पूर्ण खोटं नाही. खरं म्हणाल तर त्यात खऱ्याचा एक कण नाही. निकाल लागला की ड्रायव्हरने दहा पावलांचा हुकूम मोडला, उजेड द्यायचा हुकूम होता, गाडी काठावर न्यायचा नव्हता, आणि अपघात ड्रायव्हरच्या चुकीने झाला. कॅप्टन साहेबांनी त्याच्या शौर्याची शिफारस लिहिली होती, ती या निकालावर आपटून परत आली. कंपनीच्या क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीत, ड्यूटीवर जीव गेलेल्यांच्या नावांचा फळा होता. त्यावर काशिनाथचं नाव चढलं नाही. चूक करून मेलेल्याचं नाव चढत नाही, असा नियम सांगितला.

सुभेदार साहेब ऑनररी लेफ्टनंट होऊन घरी गेले. मला दुसऱ्या वर्षी हवालदाराची तिसरी फीत मिळाली. काशिनाथच्या तेराव्याला कंपनीतर्फे मी जायचं होतं. ताप आहे सांगून मी सिक रिपोर्ट केला. एम.ओ. साहेबांनी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एक दिवस आराम लिहून दिला.

पेन्शनीवर आल्यावर मी अर्ज केला. सगळं लिहिलं, रंग, वायरी, सही, पंधरा मिनिटं. नाव फळ्यावर घ्या, चूक माझी लिहा, अशी विनंती केली. चार महिन्यांनी तीन ओळींचं उत्तर आलं. प्रकरण बंद आहे, कागद उपलब्ध नाहीत, आपल्या भावनांची नोंद घेतली. मी ते पत्र वाचून खूप वेळ हसलो. भावनांची नोंद.

मग मी ब्रॅकेट पिशवीत घातलं आणि डोंबिवलीला गेलो. खाडीकडच्या पाड्यात कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, कडेला जाळं वाळत घातलेलं. त्याची बायको यमुनाबाई बाहेर आल्या. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "तुमी दत्तूभाऊ. स्विचला तार गुंडालनारे." त्याने घरी सगळं सांगितलेलं. मला बसायला घोंगडी टाकली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

त्यांनीच सांगितलं की दर श्रावणात टिटवाळ्याकडून ती बोटीतली माणसं येतात. शेतातली पहिली काकडी आणतात, त्याच्या फोटोसमोर ठेवतात, जेवून जातात. त्यातली एक पोरगी आता लग्नाला आली होती. मग त्यांनी पेटीतून कागद काढला. सरकारी पत्र, घडीवर फाटायला आलेलं. त्या म्हणाल्या, पाड्यातल्या मास्तरानं वाचून दाखवलं होतं, चूक त्यांची होती म्हणून.

"दत्तूभाऊ, तुमी तिथं व्हतात. त्यांची चूक काय झाली व्हती?"

मी सांगितलं. सगळं, जसं तुम्हाला सांगितलं तसं. ब्रॅकेट काढून समोर ठेवलं आणि रंग दाखवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"तुमाला कवा कळलं ह्ये?"

"चौथ्या दिवशी. जीप वर काढली तेव्हा."

"मंग तुमाला कुनी इचारलं नाय?"

"विचारलं."

त्या उठल्या. चहा उकळला होता. त्यांनी पातेलं चुलीवरून उतरवलं, बाजूला ठेवलं, वर झाकण घातलं. मला दिला नाही. मी ब्रॅकेट पिशवीत घातलं आणि निघालो. अंगणापर्यंतही त्या आल्या नाहीत, आणि त्यांनी यायला नकोच होतं.

कळव्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दिवा कुणाचाही असो, मी आधी रंग खरवडतो, काळी वायर वेगळी देतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, कशाला पत्रा खराब करता. कानाडोळा करून मी खरवडतो. त्या ब्रॅकेटवरचा रंग मात्र मी खरवडलेला नाही. तो तसाच आहे, फळीवर, सगळ्यांना दिसेल असा.

फळा आता कुठे आहे मला ठाऊक नाही. कंपनी हलली, मेस पाडली, ते तीन अधिकारी केव्हाच रिटायर झाले. तरी कोर्टाचा प्रश्न उभाच आहे, म्हणून मी उत्तर देतो. स्पॉट लॅम्प रवानगीच्या वेळी ठीक नव्हता. तो पाण्याने गेला नाही, ब्रॅकेटखालच्या रंगाने गेला. तो रंग काढायचं काम इलेक्ट्रिशियन नाईक दत्ताराम मोकल याचं होतं आणि त्याने ते केलं नाही. ड्रायव्हरने सात वाजून चौतीस मिनिटांपासून एकेचाळीसपर्यंत उजेड दिला आणि अकरा माणसं काठाला लागली.

लान्स नाईक ड्रायव्हर काशिनाथ भोईर, गाव डोंबिवली. त्याची चूक नव्हती.